मागाच्या घरात मांगा: थोड्या पैशांत सिनेमा कसा करायचा

जपानी चित्रकथेवरून, म्हणजे मांगावरून, केलेल्या आमच्या पहिल्या सिनेमाचा नायक पडद्यावर आला. डोक्यावर केसांचा निळा टोप, कपाळावर सुऱ्यांसारख्या टोकदार बटा, पाठीला लाकडी तलवार. गल्लीतल्या गणपतीच्या मांडवात पांढरं कापड ताणून आम्ही सिनेमा दाखवत होतो. मागच्या रांगेतून आवाज आला, "ह्यो आपला एकतीस तारखेचा ओल्ड मॅन काय गा?" बेळगावबाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे 31 डिसेंबरच्या रात्री जुन्या कपड्यांचा, गवताचा 'ओल्ड मॅन' करून जाळतात. पुढची अकरा मिनिटं मांडव हसत होता. सिनेमा सूडाचा होता.

त्या टोपाला 2,200 रुपये गेले होते. माइकला शून्य.

मी बेळगावच्या वडगावात राहते. माहेर निपाणीचं. धंदा लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग, म्हणजे तुमच्या हळदीपासून पाठवणीपर्यंतचे नऊ तास तीन तासांत बसवायचे. नवऱ्याचे चार माग आहेत, ते घराच्या मागच्या अंगाला चालतात. जपानी चित्रकथा घरात आणल्या धाकट्या दिरानं. सासूबाईंनी पहिला खंड हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाल्या, "घरात चार माग आहेत ते पुरेनात काय, हा मांगा आणि कुठला?" आज आमचे तीन सिनेमे झालेत. पहिल्याचं वर सांगितलं. दुसरा बरा झाला. तिसऱ्याबद्दल घरात दोन मतं आहेत. खाली लिहिलंय ते या तिन्हींतून शिकलेलं. ज्यांच्याकडे फोन, चार माणसं आणि वीस हजारांच्या आतबाहेर पैसे आहेत, त्यांच्यासाठी.

गोष्ट निवडताना पेन्सिल घ्या

दिरानं पहिल्या वेळी गोष्ट निवडली ती त्याला आवडली म्हणून. चूक तिथंच. आवडलेल्या प्रकरणाची झेरॉक्स काढा आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीनं तीन आकडे लिहा: चौकटींत माणसं किती, जागा किती, आणि खऱ्या जगात न घडणाऱ्या गोष्टी किती. उडणं, फुटणं, राक्षस, शंभर माणसांची फौज, सगळं तिसऱ्या आकड्यात. तो आकडा शून्य नसेल तर पुस्तक मिटा. चित्रकाराला राक्षस काढायला आणि चहाचा कप काढायला शाई तेवढीच लागते. आपल्याला नाही.

जपानच्या साप्ताहिकांत एक प्रकरण साधारण 18 ते 20 पानांचं असतं. माझा हिशेब असा की एका पानाला पडद्यावर अर्धा मिनिट लागतो. म्हणजे एक प्रकरण, दहा मिनिटं. पहिल्याच फटक्यात आठ खंडांची गाथा घेऊ नका. उलट लहान मुळातून मोठं झाड होतं. हिरोकाझू कोरेएदा यांचा 2009 चा 'एअर डॉल' हा पूर्ण लांबीचा सिनेमा योशिइए गोदा यांच्या अगदी छोट्या चित्रकथेवरून केलेला आहे.

स्वस्तातल्या रूपांतराचा धडा घ्यायचा तर 'कोदोकु नो गुरुमे' बघा. म्हणजे एकट्या खवय्याची गोष्ट. मासायुकी कुसुमी यांनी लिहिली, जिरो तानिगुची यांनी काढली, 1994 ते 96 मध्ये. गोरो इनोगाशिरा नावाचा एक व्यापारी. कामानिमित्त टोकियोत फिरतो, भूक लागते, दिसेल त्या खानावळीत शिरतो आणि एकटा जेवतो. संपलं. टीव्ही टोकियोनं 2012 पासून त्याची मालिका केली, युताका मात्सुशिगे हा नट घेऊन. माणूस एक, टेबल एक. आणि तो जे काही बोलतो त्यातलं बहुतेक मनात बोलतो. म्हणजे तोंड बंद, आवाज नंतर भरायचा. हे माझ्यासारख्या मिक्सिंगवालीला कळलं तेव्हा मी दिराला म्हटलं, "बघ, ह्यांनी आवाजाचा अर्धा त्रासच ठेवला नाही." खडेबाजारात माणूस एकटा कुंदा खात बसलाय, असं काही डोक्यात घोळायला लागतं. पण थांबा. त्याआधी पुढचं वाचा.

हक्क

हे कुणालाच वाचायला आवडत नाही. आम्हालाही आवडलं नव्हतं. पहिल्या सिनेमाला आम्ही कुणाचीही परवानगी घेतली नव्हती, म्हणून तो कधीच इंटरनेटवर गेला नाही. खरं तर मांडवातही दाखवायला नको होता. 'आम्ही पैसे कमावत नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही. चित्रकथेवरून सिनेमा करण्याचा हक्क मूळ कर्त्याचा. भारतात तो कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. ओसामू तेझुका 1989 साली गेले. म्हणजे त्यांची गोष्ट आपल्याला 2049 सरल्यावर. तोवर माझे गुडघे मोडलेले असणार.

मग वाट काय? एक वाट दिरानंच शोधून काढली. शूहो सातो नावाचे चित्रकथाकार आहेत. त्यांची 'ब्लॅक जॅक नी योरोशिकु' ही डॉक्टरांवरची मोठी कथामालिका. 2012 साली त्यांनी जाहीर केलं की हिचा पुढचा वापर कुणीही, कसाही, फुकट करावा. आधी विचारायची गरज नाही, धंद्यासाठी केला तरी चालेल, भाषांतर करा, सिनेमा करा. नाव मात्र द्यायचं. इतक्या मोठ्या खपाच्या कथेच्या बाबतीत असं करणारा माणूस विरळाच. वापरण्याआधी त्यांच्या अटी स्वतः वाचून घ्या, आमच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि नावावरून फसू नका. तेझुकांचा 'ब्लॅक जॅक' वेगळा, 1973 पासूनचा. तो मोकळा नाही. आमच्या ओळखीतल्या एका पोरानं याच घोटाळ्यात चार दिवस चित्रण केलं होतं.

दुसरी वाट म्हणजे गोष्ट स्वतःची लिहायची आणि सांगायची ढब मांगाची घ्यायची. चौकटी कशा पाडाव्यात, गप्प कधी बसावं, चेहरा किती जवळून बघावा, यावर कुणाचा हक्क नाही. आमचा तिसरा सिनेमा असा आहे.

चौकट म्हणजे शॉट नव्हे

दुसऱ्या सिनेमासाठी सातोंची पहिली प्रकरणं वाचली आणि मी सरळ चौकटींचे शॉट पाडायला बसले. शाळेच्या वहीत 112 शॉट झाले. दोन दिवसांत 112 शॉट कुणाचेच होत नाहीत. लग्नात होतात, पण तिथं नवरी परत हार घालत नाही.

पानावर तीन चौकटींत एकाच माणसाचा चेहरा असतो: बघतो, थांबतो, कळतं. सिनेमात तो एकच शॉट आहे, सात सेकंदांचा, नटानं काही न करता उभं राहायचं. पानावर एका चौकटीत माणूस दारात आणि पुढच्या चौकटीत खाटेशेजारी. मधलं चालणं चित्रकारानं काढलेलंच नसतं. ते तुम्हीही काढू नका. दोन चौकटींमध्ये जी पांढरी फट असते ती वाचणारा आपल्या मनानं भरतो, आणि तिला पैसे पडत नाहीत. अपघात फटीत घाला. आमच्या सिनेमात मोटारसायकलचा अपघात आहे. दिसतं काय, तर रस्त्यावर फिरत राहिलेलं चाक आणि मग दवाखान्याच्या फरशीवर एक चप्पल. खर्च: चाक फिरवणारा दीर. असं करत 112 चे 46 उरले. त्यांतले 41 झाले, पाच सोडून दिले, कुणाला कळलं नाही.

आणखी एक गोम. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. पूर्वी इंग्रजीत आणताना पानं आरशासारखी उलटवायचे, मग सगळे तलवारबहाद्दर डावखुरे व्हायचे. आता तसे उलटवत नाहीत. पण तुम्ही चौकटी समोर ठेवून कॅमेरा लावाल तेव्हा ध्यानात घ्या: जपानी पानावर जो उजवीकडे आहे तो आधी बोलतो, त्याच्याकडे नजर आधी जाते. आपली नजर डावीकडून सुरू होते. म्हणून दोघांच्या संवादात मी जागा उलटवते, आणि एकदा उलटवल्या की पूर्ण प्रसंगभर तशाच. दोघांच्या मध्ये जमिनीवर खडूनं रेघ मारायची आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली की दोघं एकमेकांकडे बघण्याऐवजी एकाच बाजूला बघतायत असं दिसतं. लग्नात कॅमेरे दोन्हीकडून असतात, त्यामुळं मला ही सवय लावायला वेळ गेला.

राहिले चित्रात लिहिलेले आवाज. जपानीत शांततेलाही आवाज आहे, 'शीऽन' असं लिहितात. मला ते फार आवडलं. आपल्याकडे शांतता किर्र असते, म्हणजे रातकिडे हवेत. आमच्या घरी शांतता म्हणजे माग थांबणं. ते पुढं सांगते.

दवाखाना सीमेवर आणला तो असा

मूळ गोष्टीत एक शिकाऊ डॉक्टर आहे, नुकताच पास झालेला, पगार तुटपुंजा, दुसऱ्या दवाखान्यात रात्रपाळी करतो आणि एकटा पडतो. त्याला येत काहीच नाही आणि समोर माणूस मरायला टेकलाय. एवढाच सांगाडा आम्ही घेतला. जपानी नावं ठेवायची नाहीत, किमोनो नाही, वाकून नमस्कार नाही. मला विचाराल तर मराठी माणसाच्या तोंडी डॉक्टरसाठी जपानी 'सेन्सेई' आला की सिनेमा संपला.

मग प्रश्न, हा डॉक्टर बेळगावात एकटा का पडेल? इथं तर शेजारी धावून येतात. दीर म्हणाला, "वहिनी, त्याला कन्नड येत नाही." बस्स. पोरगा साताऱ्याकडचा, रात्रीचे दोन वाजलेत, नर्स वरच्या मजल्यावर. एक बाई लेकाला घेऊन येते आणि छातीवर हात मारत म्हणते, "एदी… एदी…" कन्नडमध्ये एदी म्हणजे छाती. पोराला ऐकू येतं, 'आधी'. तो कागद पुढं ओढतो आणि विचारतो, "आधी काय झालं होतं?" आणि लिहीत बसतो. हे सातोंच्या पुस्तकात नाही, असणार तरी कसं. पण पुस्तकातला तो एकटेपणा आमच्याकडे येण्यासाठी ह्याच दारानं यावा लागतो. तुमच्याकडे दुसरं दार असेल. खानापूरच्या जंगलपट्टीत वेगळं, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वेगळं. ते सापडेपर्यंत कॅमेरा काढू नका. आम्हाला पाच आठवडे लागले.

पाट्यांचंही इथंच सांगते, कारण सीमाभागात पाटी हा विषय हलका नसतो. आमचं बाहेरचं चित्रण दोन हप्त्यांत झालं, मध्ये तीन आठवड्यांची फट. साल 2024, वर्षाची सुरुवात. पाटीवर 60 टक्के कन्नड हवं असा नियम आला आणि गल्लोगल्ली पाट्या बदलल्या. आमचा डॉक्टर औषधाच्या दुकानात शिरतो तेव्हा पाटी एक, बाहेर पडतो तेव्हा दुसरी. नंतर बाहेर पडण्याचा शॉटच काढून टाकला. म्हणून एका जागेचं सगळं एकाच दिवशी उरका, मग ते गोष्टीत कुठंही येवो. आणि पाट्या झाकायच्या भानगडीत पडू नका. जे आहे ते आहे. दोन्ही लिप्या चौकटीत आल्या तर तेवढ्यावरूनच गाव कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

नट

डॉक्टर झाला तो औषध कंपनीचा एक एमआर, म्हणजे औषधं घेऊन डॉक्टरांकडे फिरणारा माणूस. त्याच्याकडे बॅग होती, इस्त्रीचा शर्ट होता आणि डॉक्टरांच्या दारात तासन्‌तास थांबून आलेली एक थकावट होती. नर्स आमच्या गल्लीतल्या निवृत्त सिस्टरबाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सलाइनची बाटली चुकीच्या उंचीवर टांगलीय म्हणून चित्रण थांबवलं. आणि 'एदी' म्हणणारी आई म्हणजे आमच्याकडे मागासाठी सुताच्या कांड्या भरायला येणाऱ्या अक्का. त्यांचं घरचं बोलणं कन्नड. त्यांना मी संवाद दिला नाही. म्हटलं, "अक्का, लेकाची छाती धरलीय, समोरच्याला तुमची भाषा कळत नाही, काय कराल?" त्यांनी जे केलं ते एकदाच केलं. दुसऱ्या टेकला त्यांना हसू आलं. म्हणून रिहर्सलसुद्धा चित्रित करायची, हे लक्षात ठेवा.

आषाढात चित्रण करा

बाहेरचं जानेवारी-फेब्रुवारीत उरकलं, आतलं सगळं आम्ही आषाढासाठी राखून ठेवलं. चातुर्मासात लग्नं नसतात. मुहूर्त बंद म्हणजे आमचा धंदा बंद, पण त्याचबरोबर गावातले सगळे कॅमेरे, लाइटी, ट्रायपॉड कपाटात पडून. लग्नसराईत दिवसाला 1,500 मागणारा माणूस आषाढात 400 ला देतो, वर चहा पाजतो. अडचण एकच, तेव्हा बेळगावात पाऊस धरून बसलेला असतो. पण जपानी चित्रकथांत पाऊस किती असतो बघा. पाण्याच्या टँकरनं पाऊस पाडायचा तर आमचं बजेट एका सकाळीत गेलं असतं. इथं फुकट आहे, फक्त तो आहे असं धरून गोष्ट लिहायची. दिवसभर ढग असले की सावल्या पडत नाहीत, सकाळी दहाचा आणि दुपारी चारचा शॉट शेजारी लावले तरी खपतात. फोनला प्लास्टिकची पिशवी, भिंगासमोर भोक, छत्री धरायला एक माणूस. आतमध्ये ओल धरते, तर फोन आणि माइक रात्री तांदळाच्या डब्यात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा. तांदळाची धूळ भोकांत जाते.

आवाज

बघणारा अंधुक चित्र माफ करतो, अस्पष्ट आवाज करत नाही. 900 रुपयांचा कॉलर माइक घ्या, तो दुसऱ्या जुन्या फोनला लावा, फोन नटाच्या खिशात. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. मिक्सिंगला चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी जुळवली की झालं.

आमची खरी अडचण माग. दवाखाना आम्ही घरातच उभा केला होता, पुढच्या खोलीत, कारण एकाही दवाखान्यानं आत येऊ दिलं नाही. भिंतीपलीकडे खटक-खट, खटक-खट. नवऱ्याला म्हटलं बंद करा, तो म्हणाला, "दिवसाचं कापड कोण देणार?" पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळा आवाज वाया गेला असं समजून मी जेवायलाही गेले नाही. मग रात्री वीज गेली. चारही माग एकदम थांबले. त्या एका क्षणी कानांना जे झालं ते म्हणजे पुस्तकातलं 'शीऽन'.

मग आम्ही मागाचा आवाजच दवाखान्याला दिला. गल्लीतला दवाखाना आहे, पलीकडे माग चालू असणारच. लेकाचा श्वास थांबतो तिथं माग थांबवला. त्यासाठी माग चालू असतानाचा पाच मिनिटांचा आवाज वेगळा घ्यायचा, थांबतानाचा वेगळा, आणि थांबल्यावरच्या खोलीचा अर्धा मिनिट वेगळा. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो. तो प्रत्येक जागेचा घेऊन ठेवा, जोड लपवायला त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. संवाद मात्र सुट्टीच्या दिवशी परत घेतले, गादीच्या खोलीत, अंगावर चादर घेऊन.

उजेड, आणि रंग काढून टाकणं

फोनचा कॅमेरा स्वतःच्या बुद्धीवर सोडू नका. प्रो मोडमध्ये जा. सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळं जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकते. शटर तिच्याशी जुळलं नाही तर चित्रावरून काळ्या पट्ट्या सरकतात. फोकस आणि पांढरा रंग (व्हाइट बॅलन्स) कुलूपबंद करा. उजेड परतवायला थर्माकोलचं शीट, उजेड खायला काळं कापड. मांगात अर्धा चेहरा निव्वळ काळा असतो ना, तो काळ्या कापडानं होतो, लाइट वाढवून नाही. आम्ही नवऱ्याच्या गोदामातलं कापड लावलं. नंतर ते विकलं गेलं, हे इथंच राहू द्या.

सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी गोष्ट म्हणजे सिनेमा काळा-पांढरा करणं. चित्रकथा तशाच छापतात, म्हणून कुणी 'गरिबीमुळं केलं' असं म्हणत नाही. पिवळा बल्ब, पांढरी ट्यूब, खिडकीतला निळसर उजेड यांचं भांडण मिटतं. भिंतीचा पोपटी रंग मिटतो. रक्त लाल असायची गरज उरत नाही. आम्ही गुऱ्हाळातली काकवी वापरली. दाट, काळी, चेहऱ्यावरून हळू ओघळते, चव चांगली म्हणून नट कुरकुरत नाही. एकच सांगते: मुंग्या. पेशंट झालेला पोरगा डोळे मिटून पडला होता आणि त्याच्या कानात मुंगी गेली. तो जो झटका आहे सिनेमात, तो अभिनय नव्हे.

केस, कपडे, मारामारी

केसांवर पैसे घालू नका. कागदावर केस उभे राहतात कारण त्यांना वजन नसतं. 2012 साली केइशी ओतोमो यांनी 'रुरोनी केन्शिन' पडद्यावर आणला तेव्हा चित्रातले लालभडक केस त्यांनीही तपकिरीकडे नेले, आणि त्यांच्याकडे तर पैसे होते. ओळख केसांत असते असं वाटतं, पण ती बाह्यरेषेत असते. माणूस लांबून काळी सावली म्हणून दिसला तरी ओळखू येतो का? आमच्या डॉक्टरचा ॲप्रन दोन मापं मोठा घेतला, बाह्या बोटांपर्यंत. लांबूनही कळतं की हा अजून या कपड्यात मावत नाही.

मारामारी तिसऱ्या सिनेमात आहे, दोन भावांची, रताळ्याच्या रानात, चिखलात. तालमीतली दोन पोरं घेतली. नटाला पडायला शिकवण्यापेक्षा पडणाऱ्याला बोलायला शिकवणं सोपं. कुस्तीगीर पडताना हनुवटी आत घेतो, हात आपटतो, त्याला सांगावं लागत नाही. ठोसा कॅमेऱ्याच्या रेषेत मारायचा, म्हणजे सहा इंच लांबून गेला तरी लागलेला दिसतो. खरा घाव आवाजात असतो: ओल्या पोत्यावर काठी. मिक्सिंगला वेग 110 टक्के केला. त्याहून जास्त केला तर विनोदी होतं. आणि तलवार, चाकू काहीही खोटं असलं तरी रस्त्यावर काढण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगून या. कॅम्प भागात तर कॅमेरा बाहेरच काढू नका, तो लष्कराचा भाग आहे. ड्रोनचा विचार सोडा. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं ठाणं आहे, 2021 च्या ड्रोन नियमांत कुठं उडवता येतं त्याचा नकाशा आहे तो बघा. आम्ही तीन मजली घराच्या गच्चीवरून घेतलं.

मिक्सिंग, म्हणजे माझं काम

लग्नवाल्यांनो, सवयी विसरा. पाकळ्या पडत पडत बदलणारे शॉट नकोत, हळू विरघळणारे नकोत, स्लो मोशन नको. सरळ काप. मोठ्या धक्क्याच्या आधी मी आठ फ्रेम निव्वळ काळ्या ठेवते, सेकंदाचा तिसरा हिस्सा. काळं क्षणभरच दिसतं, पण काहीतरी अडखळतं. पान उलटताना अडखळतं ना, तसं. पूर्ण सिनेमात असं तीनदाच. चौथ्यांदा केलं तर लोकांना फोन बिघडला वाटतं.

दुसऱ्या सिनेमाचा खर्च विचारतात म्हणून सांगते: 17,650. त्यात जेवणखाण आणि चहा 7,200, भाडं 3,200, माइक आणि बॅटऱ्या 2,100, कपडे 1,400, एका मामांना खोली रंगवून परत द्यायचे 1,800, बाकी पेट्रोल आणि झेरॉक्स. जेवणात काटकसर करू नका. उपाशी कॅमेरामन हात हलवतो.

शेवटचं काम सबटायटलचं. आम्ही मराठी संवादांखाली कन्नड दिलं आणि कन्नडखाली मराठी. पण अक्कांच्या 'एदी' खाली काहीच दिलं नाही. दीर भांडला, म्हणाला, "वहिनी, पुण्याच्या लोकांना कळणार नाही." म्हटलं, डॉक्टरला तरी कुठं कळलंय. पुण्याचा माणूस डॉक्टरच्या खुर्चीत बसेल आणि बेळगावचा माणूस अक्कांच्या शेजारी उभा राहील. तुमच्या सिनेमात अशी एखादी ओळ असेल तर ती तशीच सोडा.

गणपतीत दाखवला तो. तोच मांडव, तेच कापड. अक्का छाती बडवतायत, एमआर कागदावर लिहितोय, माग चालू आहेत. आणि मागच्या रांगेतून तोच आवाज, या वेळी उभा राहून, "आरं छाती म्हणतीया ती! छाती बघ की गा त्याची!"